आबाजींची माउझर: दस्त्याला चीर गेली आहे. जोडावी की नवा दस्ता करावा?

उमरेडरोड · ८ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितो आहे. नुसता फोटो टाकून "काय करू" विचारलं तर उत्तरही तसंच मिळेल.

आमच्या आबाजींची एक रायफल आहे. उमरेडच्या पुढे आमचं वावर होतं, तिथे ती परवान्यावर असायची. १९५४ साली कलकत्त्याच्या एका दुकानातून मागवलेली. पुढे बाबांच्या नावावर आली आणि दोन वर्षांपूर्वी वारस म्हणून माझ्या. नळीवर .३०-०६ हे काडतुसाचं माप कोरलेलं आहे. लहानपणापासून घरात तिला "आबाजींची शिकारी बंदूक" म्हणतात. या उन्हाळ्यात पहिल्यांदा भिंग घेऊन बसलो, तेव्हा कळलं की ती शिकारीसाठी जन्मलेलीच नाही.

नळी ज्या पोलादी कड्यात शिरते त्या कड्यावर घासून काढलेल्या मुकुटाची खूण आहे. तिरपा उजेड पाडला तरच दिसते. खाली "१९१" आणि चौथा आकडा कानशीखाली गेलेला. कड्यामागे डाव्या भिंतीत अंगठ्याएवढी अर्धगोल खाच. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली जर्मन लष्करी ९८ माउझर. कुणीतरी तिचा नळीच्या टोकापर्यंत जाणारा लाकडी दस्ता काढला, नळी बदलली, बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) आडवी सरळ मूठ खाली वाकवली आणि अक्रोडाचा आखूड, देखणा दस्ता चढवला. कारागिराचं नाव कुठेही नाही.

आता दुखणं. २०२४ मध्ये आधी लोकसभेच्या आणि मग विधानसभेच्या निवडणुकीत ती जमा करावी लागली. परत आणली, तेल लावलं, कपाटात ठेवली. गेल्या महिन्यात, ४५ अंशांच्या दिवसांत, काढून पाहिली तर अॅक्शनच्या (नळीमागच्या, बोल्ट धरणाऱ्या पोलादी भागाच्या) शेपटीमागून दस्त्याच्या मनगटाकडे, म्हणजे पकडीच्या निमुळत्या भागाकडे, सुमारे ५ सेंटिमीटर चीर गेलेली. जमा असताना कुणीतरी आपटली असणार असं मी धरून चाललो आहे.

दुसरी अडचण अशी की आबाजी पाच फूट तीन इंच होते आणि मी पाच फूट अकरा. खांद्याला लावली की माझं नाक माझ्याच अंगठ्यावर येतं. लकडगंजातले एक ओळखीचे सुतार म्हणतात, "दहा दिवसांत सागाचा नवा दस्ता देतो, तुमच्या मापाचा." मोह होतो. पण पकडीपाशी आबाजींच्या हाताने लाकूड काळं पडलं आहे, ते टाकवत नाही.

वर्षातून एक-दोनदा रेंजवर नेण्यापलीकडे मला तिच्याकडून काही नको. जोडू की नवा करू? फोटो खाली दिले आहेत.


टर्नरकाका · ८ जून, रात्री ११:०२

भाऊ, तिसरा फोटो मोठा करून पाहिला. ट्रिगर गार्डच्या (चापाखालच्या लोखंडी कमानीच्या) मागच्या शेपटीभोवती लाकूड पाहा. लोखंड लाकडाच्या पातळीखाली गेलं आहे, चांगलं दीड-दोन मिलिमीटर. हे कुणी आपटून होत नाही. वर्षानुवर्षं स्क्रू आवळून आवळून होते.

मागचा स्क्रू काढला तर त्याच्याभोवती पोलादी नळकांडं आहे का? हे पाहिल्याशिवाय जोडायचंही बोलू नको आणि नव्याचंही बोलू नको. उद्या दुकानात नेऊन उघडून घे, घरी उघडू नको. जुन्या स्क्रूची खाच एकदा फाटली की मग रडायची पाळी येते.


वकील_सदर · ९ जून, सकाळी ८:४०

काकांच्या "दुकानात ने" या शब्दांना माझा दुजोरा. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बनवणं, विकणं यांच्यासोबत दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणीलाही परवाना मागतं. दुकानदाराकडे दुरुस्तीचा परवाना आहे ना, त्याच्या नोंदवहीत तुमचा परवाना क्रमांक आणि शस्त्राचा क्रमांक चढला ना, पावती मिळाली ना, एवढं पाहा.

सुतारांबद्दल विशेष सांगतो. रायफल त्यांच्या घरी किंवा वखारीत ठेवून येऊ नका, एका रात्रीसाठीही नाही. शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा येतात. सुताराने काम करायचंच असेल तर परवानाधारकाच्या दुकानात, त्याच्या देखत.


उमरेडरोड · १० जून, संध्याकाळी ७:३०

काका, नळकांडं नाही. भोकात नुसतं लाकूड, आणि तेही तेल पिऊन मऊ, काळं झालेलं. दुरुस्तीवाल्यांनी दाखवलं की शेपटीचं पोलाद मागच्या लाकडाला घट्ट टेकलं आहे, कागदही जात नाही.

म्हणजे माझा निवडणुकीवरचा राग चुकीच्या जागी होता. कुणाला बोललो नव्हतो हे बरं झालं.


टर्नरकाका · १० जून, रात्री ९:५५

आता नीट सांगतो. मी अंबाझरीच्या कारखान्यात लेथवर ३४ वर्षं काढली. तिथे रायफली नव्हत्या, पण पोलाद आणि मिलिमीटर शिकलो. निवृत्तीनंतर नऊ वर्षं एका परवानाधारक दुरुस्ती दुकानात बसलो. अशा माउझरी तिथे पाच-सहा पाहिल्या, आणि त्यातल्या चारांची चीर याच जागी होती.

गोळी पुढे जाते तेव्हा अॅक्शन मागे येते. तो धक्का लाकडाने झेलायचा असतो तो पुढच्या कड्याखालच्या आडव्या पोलादी ओठावर, ज्याला रिकॉइल लग म्हणतात. ओठाच्या मागे लाकडाचा सपाट खांदा असतो आणि ओठ त्याला पूर्ण टेकलेला पाहिजे. लष्करी दस्त्यात तिथे आडवी पोलादी सळईही टाकलेली असे. शेपटी मात्र कधीच लाकडाला टेकता कामा नये, मागे बारीक फट हवी. शेपटी निमुळती आहे. टेकली की ती पाचरेचं काम करते आणि पाचर काय करते ते लाकूड फोडणाऱ्या कोणालाही विचार.

नळकांडं का? मागचा स्क्रू वरच्या शेपटीला आणि खालच्या गार्डला एकत्र ओढतो. मधे पोलादी नळकांडं असलं की स्क्रू नळकांड्यावर आवळतो, लाकूड चिरडत नाही. नसलं तर आपल्या नागपुरात काय होते बघ. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. लाकूड आकसते, स्क्रू सैल वाटतो, माणूस आवळतो. श्रावणात तेच लाकूड फुगते, पण आता जागा नाही, म्हणून लोखंडाखाली चिरडते. पुढल्या मे मध्ये आणखी सैल, आणखी आवळला. सत्तर वर्षांत दोन मिलिमीटर गेले. अॅक्शन मागून खाली बसली, पुढे ओठ खांद्यापासून सुटला आणि सगळा धक्का शेपटीवर आला.

कलकत्त्याच्या कारागिराने दस्ता फार सुंदर केला. पण जुन्या दस्त्यातलं नळकांडं नव्यात टाकायचं राहिलं, नाहीतर नंतर कुणी काढताना हरवलं. एका करंगळीच्या पेराएवढ्या तुकड्यावर हे सगळं आलं आहे. सागाचा नवा दस्ता केला आणि नळकांडं नाही टाकलं, तर नातवाला हाच धागा पुन्हा काढावा लागेल.


मिनेसोटाकर · ११ जून, पहाटे ५:२०

काकांचं शेवटचं पोस्ट मी छापून माझ्या वर्कबेंचवर लावतो आहे.

मी मूळचा धरमपेठेतला, २२ वर्षं इकडे अमेरिकेत. इथे मी हेच काम उलट्या बाजूने केलं, म्हणजे लष्करी माउझर घेऊन स्पोर्टिंग रायफल बांधली. अनुभव सांगतो. ज्यांना तिकडे असं काही करावंसं वाटेल त्यांनी वकीलसाहेबांचं आधी वाचावं. इथे कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणारा मुख्य पोलादी भाग, हीच बंदूक. तो रीतसर घेतला की बाकी नळी, लाकूड टपालाने घरी येतं. भारतात तसं नाही.

या छंदाची मुळं इथे खोल आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ ची स्प्रिंगफिल्ड शिकारीसाठी बदलून घेतली होती. १९१० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या लुई वुंडहॅमरने त्याच लष्करी स्प्रिंगफिल्डला हलके, डौलदार दस्ते चढवले आणि तिथून एक घराणंच सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर युरोपातल्या माउझर जहाजं भरभरून आल्या आणि टपालाने घरपोच मिळायच्या. १९६८ च्या कायद्याने ते थांबलं. त्या वीस-बावीस वर्षांत गावोगावच्या गॅरेजमध्ये लोकांनी हजारो रायफली बदलल्या. काही अप्रतिम झाल्या, बऱ्याच कायमच्या बिघडल्या.

मी युगोस्लाव्ह एम-४८ चा रिसीव्हर घेतला, कारण स्वस्त होता. ९८ माउझरसाठी तयार कापलेला अक्रोडाचा दस्ता मागवला. बसेचना. दोन आठवडे मी स्वतःच्या पटाशीला दोष देत होतो. मग कळलं की एम-४८ ची अॅक्शन नेहमीच्या ९८ पेक्षा थोडी आखूड, मधल्या लांबीची आहे. बाहेरून सारखीच दिसते, पण स्क्रूंमधलं अंतर वेगळं. तो दस्ता विकला आणि कोरा अक्रोडाचा ठोकळा घेऊन शून्यापासून कोरला. चौदा महिने, शनिवार-रविवार. नळी बसवणं आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, हे मी गनस्मिथकडूनच करून घेतलं. त्यात शिकाऊ हात नको.

त्या गनस्मिथने मला एक गोष्ट बजावली होती. जुन्या माउझरचं पोलाद कमी कार्बनचं, वरून फक्त पातळ कवच कडक केलेलं. आत मऊ आणि चिवट, म्हणून ते फुटत नाही. पण बोल्टचे कान (कुलूप लावणारे उंचवटे) जिथे टेकतात ती जागा कुणी "गुळगुळीत करू" म्हणून घासली तर कवच जातं, आतलं मऊ पोलाद दबत जातं आणि हेडस्पेस वाढत जातो. उमरेडरोड, तुमच्या रायफलीत कुणी तिथे हात लावला आहे का, हे दुरुस्तीवाल्यांकडून गेज लावून बघा. दस्ता नंतर.

माझा सल्ला: जुना दस्ता जोडून जपून ठेवा आणि अक्रोडाचाच नवा, तुमच्या मापाचा करा. साग नको. सागातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, आणि बारीक कडा उडतात.


नेमबाज_ताई · ११ जून, दुपारी १:१०

मी रायफल नेमबाजी शिकवते (.२२ आणि एअर रायफल), त्यामुळे मापाबद्दल बोलते.

लोक फक्त लांबी बघतात. चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर साधारण साडेतेरा इंच धरतात. पण गाल टेकतो ती वरची कड किती उंच आहे हे तितकंच महत्त्वाचं. तुमच्या रायफलीवर दुर्बीण नाही, उघडी साइट आहे, म्हणून कारागिराने कड खाली ठेवली आहे. नवा दस्ता करताना एखाद्याने तयार नमुना बघून कड उंच केली तर तुम्हाला साइट दिसणारच नाही, मान वाकडी करावी लागेल.

माझी विनंती आहे, आधी मोजा. डोळे मिटून रायफल सहज खांद्याला आणा, मग डोळे उघडा. साइट समोर आली तर कड तुम्हाला बरोबर आहे आणि फक्त लांबी कमी आहे. फक्त लांबीसाठी नवा दस्ता लागत नाही. मागे लाकडाची चकती जोडता येते, आणि ती काढताही येते.


संत्रानगरी_९८ · ११ जून, रात्री ८:४५

धागा वाचून अंगात आलं आहे. मला पण अशी एक बांधायची आहे. भारतात जुनी लष्करी अॅक्शन कुठे मिळेल? हिंगण्याला मामाचं वर्कशॉप आहे, लेथ, मिलिंग सगळं आहे.


वकील_सदर · ११ जून, रात्री ९:२०

संत्रानगरी, तुमचा उत्साह खरा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. मिळत नाही, आणि मिळाली तरी हात लावू नका. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं किंवा रूपांतर करणं याला २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. मामांचं वर्कशॉपही त्यात जाईल. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. लष्कराच्या वापरातल्या बोअरचा (नळीच्या मापाचा) दरवाजा सामान्य परवानाधारकाला पूर्वापार बंद आहे, म्हणून .३०३ कुणाच्या घरी नसते.

उमरेडरोड यांच्याकडे आहे ती वारशाने आलेली, नोंदलेली रायफल. २०१६ च्या नियमांतल्या नियम २५ मध्ये वारसाची वाट आहे, ती त्यांनी घेतली. परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी.


टर्नरकाका · ११ जून, रात्री १०:३०

बेटा संत्रानगरी, वकीलसाहेब बरोबर सांगून राहिले. पण मन मोडू नको. लष्करी अॅक्शनवर शिकारी रायफल म्हणजे काय ते बघायचं असेल तर आपल्या इशापूरची .३१५ बघ. ब्रिटिश लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्डचीच रचना, फक्त काडतूस वेगळं. .३०३ नागरिकांना बंद, म्हणून ८ मिलिमीटरचं, जुन्या ऑस्ट्रियन मानलिखरच्या घराण्यातलं. त्याच्या बुडाची कडा (रिम) .३०३ च्या जवळपास, म्हणून बोल्टमध्ये मोठा बदल लागला नाही. विदर्भात पाटलाच्या घरी जी रायफल दिसते ती बहुतेक हीच, आणि खोक्यात खडकीची काडतुसं.

तिचा बोल्ट मागून कुलूप लावतो, माउझरचा पुढून. माउझरला पुढे दोन कान आणि मागे तिसरा राखीव. काडतुसाची टोपी फुटून गॅस मागे आला तर तो बोल्टच्या भोकांतून मॅगझिनकडे (काडतुसांच्या पेटीकडे) आणि डाव्या खाचेतून बाजूला जातो, डोळ्यात येत नाही. १८९८ मध्ये पॉल माउझरने हे सगळं एका ठिकाणी आणलं. मी लेथवर आयुष्य काढलं म्हणून सांगतो, त्या बोल्टमध्ये एक रेषही विनाकारण नाही. हात काळे करायचे असतील तर आधी अक्रोडाच्या तुकड्यात लोखंडाची साधी पट्टी अशी बसव की बाजूने केसही जाणार नाही. त्याला कोणताही परवाना लागत नाही. महिनाभर लागेल. जमलं की फोटो टाक.


अरण्यवाट · १२ जून, सकाळी ७:००

मी पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला भागात वन्यजीव गणनेला जाते. सगळं वाचलं. कारागिरी समजते. तरी विचारावंसं वाटतं की ज्या वस्तूने आपल्याच जंगलातले प्राणी मारले, तिच्यासाठी एवढा जीव का टाकायचा? टोचायला विचारत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.


उमरेडरोड · १२ जून, रात्री ९:४०

अरण्यवाट, हा प्रश्न माझी मुलगीही विचारते.

आबाजींची एक वही आहे. किती काडतुसं आणली, किती उडाली, कशावर, सगळं त्यात लिहिलं आहे. १९५० च्या दशकातली पानं वाचवत नाहीत, ती मी लपवतही नाही. शेवटची नोंद १९६८ ची. "मिरचीच्या वावरात डुक्कर. दोन." त्यानंतर पुढे कोरी पानं. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या चार वर्षं आधी त्यांनी थांबवलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नाही. आजी म्हणायची की नंतर ते दर दसऱ्याला रायफल उघडून, पुसून, पुन्हा बंद करून ठेवत. वही आणि रायफल एकत्रच ठेवायची असं मी ठरवलं आहे. एक ठेवून दुसरी टाकली तर अर्धंच खरं उरेल.


अरण्यवाट · १३ जून, सकाळी ६:५०

वहीतली पानं स्कॅन करून ठेवा. तारीख, जागा, प्राणी असेल तर त्या काळी कुठे काय होतं याची ती नोंद आहे. मला पाहायला आवडेल.


मिनेसोटाकर · १५ जून, पहाटे ४:४५

उमरेडरोड, मॅगझिनची आतली लांबी मोजून सांगाल का? मूळ ८×५७ काडतूस पूर्ण लांबीला ८२ मिलिमीटर. .३०-०६ जवळपास ८५. लष्करी ९८ मध्ये ते सरळ मावत नाही, कारागिराला पेटी पुढे वाढवावी लागते आणि काडतूस चढतं तो उतारही मागे सरकवावा लागतो. त्या उताराच्या डोक्यावरच खालच्या कानाची बैठक आहे. कुणी घाईत जास्त खोदलं असेल तर बैठक पातळ होते. इथे बिघडलेल्या रायफलींत मी हे दोनदा पाहिलं.


उमरेडरोड · २१ जून, रात्री ८:००

दुरुस्तीवाल्यांकडून सगळं तपासून घेतलं. पेटीची पुढची भिंत आतून पातळ केली आहे, ८५ पेक्षा किंचित जास्त जागा आहे. उतार फक्त तेवढाच मागे घेतला आहे, कडा गोल केलेल्या. कानांच्या बैठकीला हात लागलेला नाही. हेडस्पेस गेजवर बरोबर: एकावर बोल्ट बंद होतो, दुसऱ्यावर होत नाही. दुरुस्तीवाले काका बराच वेळ बॅटरी धरून आत बघत होते. मग म्हणाले, "ज्याने हे केलं, त्याला घाई नव्हती."

नेमबाज_ताई, तुमची परीक्षा दिली. डोळे मिटून आणली, उघडले, साइट समोर. फक्त लांबी कमी.

म्हणून ठरलं: नवा दस्ता नाही. हाच जोडायचा, नळकांडं घालायचं, मागे चकती लावायची.


टर्नरकाका · २१ जून, रात्री ८:३५

चांगलं ठरवलं. पण आता मृग लागला, हवा ओली व्हायला लागली. आत्ता चीर जोडू नको. लाकूड फुगलेलं असताना चीर मिटलेली दिसते, गोंद आत जात नाही, आणि मे मध्ये बाजूने पुन्हा उघडते. दिवाळीनंतर कर. तोवर दस्ता सुटा करून त्याच दुकानात सावलीत टांगून ठेवा. तेल बिलकुल नको. आत मुरलेलं तेल काढावं लागेल, नाहीतर कोणताही गोंद धरणार नाही.

नळकांडं मी करतो. दुकानात येऊन, त्यांच्या लेथवर.


उमरेडरोड · १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पाच महिन्यांनी धागा वर काढतो आहे. काम झालं.

दिवाळीनंतर आठवडाभर दुरुस्तीवाल्यांच्या दुकानात आम्ही चौघं बसलो: ते, टर्नरकाका, लकडगंजाचे सुतार आणि मी. सुरुवातीला सुतार थोडे नाराज होते, सागाचा दस्ता हातचा गेला म्हणून. पण एकदा पटाशी हातात घेतल्यावर ते इतरांपेक्षा जास्त हट्टी निघाले.

आधी चीर. मुरलेलं तेल सॉल्व्हंटने आणि चुन्याच्या भुकटीने ओढून काढलं, चार दिवस. मग चीर किंचित ताणून पातळ एपॉक्सी आत सोडलं, आणि मनगटात आतून, बाहेरून दिसणार नाही अशी, पितळी आटे पाडलेली सळई आडवी बसवली.

मग बैठक. हे पाहायला तुम्ही सगळे हवे होतात. सुतारांनी जवसाच्या तेलाच्या दिव्यावर काजळी धरली, ती तेलात कालवून अॅक्शनच्या पोटाला बोटाने लावली आणि अॅक्शन लाकडात अलगद बसवून उचलली. जिथे काळं लागलं तिथे लाकूड टेकतं आहे, तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसवा, पुन्हा उचला. सत्तर-ऐंशी वेळा तरी झालं असेल. पहिल्या दिवशी ओठामागच्या खांद्यावर काळा डाग फक्त एका कोपऱ्यात येत होता. दबलेल्या जागी त्यांनी अक्रोडाची पातळ पट्टी बसवली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण खांदा एकसारखा काळा उमटला. दुकानात कुणी काही बोललं नाही. सुतारांनी पटाशी पुसून ठेवली आणि चहा मागवला.

शेपटीमागे आता अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फट आहे. काकांचं नळकांडं त्यांनी तीनदा मापून, शेवटी पॉलिश पेपरवर घासून उंचीला आणलं. स्क्रू आवळताना तो एका जागी ठाम थांबतो, पूर्वीसारखा "अजून थोडा, अजून थोडा" होत नाही.

मागे शिसमाची १८ मिलिमीटरची चकती. मुद्दाम वेगळं लाकूड. ती माझी आहे हे दिसावं असं वाटलं. दोन स्क्रू काढले की आबाजींचं माप परत. पकडीजवळचा काळा भाग कुणालाही घासू दिला नाही. बाकी दस्त्याला उकळलेलं जवसाचं तेल, तळहाताने, रोज एक हात.

एक सूचना, कारण आमच्याकडे थोडक्यात निभावलं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमचा गोळा हाताला चटका बसेल इतका तापला होता, आणि तो नोव्हेंबर होता. तारेवर सुट्या वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

काल रेंजवर नेली. दुरुस्तीवाले सोबत होते. पहिल्या दोन फैरी त्यांनी रायफल टेकणीला बांधून, दुरून काढल्या. मग खोलून पाहिलं, चीर जशीच्या तशी मिटलेली. मग माझ्या तीन. धक्का आहेच, पण आता तो खांद्यात सरळ येतो, गालाला झटका नाही. ५० मीटरवर तिन्ही छिद्रं एका वाटीखाली झाकतील एवढी.

मुलीने वहीची सगळी पानं स्कॅन केली. अरण्यवाट, तुम्हाला पाठवतो.


नेमबाज_ताई · १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

तिन्ही एका वाटीखाली, उघड्या साइटवर! पुढच्या वेळी मुलीलाही आणा. चकती काढली की आबाजींचं माप तिला बरोबर बसेल.


मिनेसोटाकर · १७ नोव्हेंबर, पहाटे ५:०५

शिसमाच्या चकतीचा फोटो दहा वेळा पाहिला. माझ्या एम-४८ चं नळकांडं काल काढून पाहिलं. उंचीला कमी होतं, मी चौदा महिन्यांत एकदाही मोजलं नव्हतं. काका, नवं करतो आहे.


संत्रानगरी_९८ · १७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

काका, अक्रोडातली पट्टी. सातवा प्रयत्न. फोटो जोडला आहे. एका बाजूला अजून नख जातं.


टर्नरकाका · १७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

बेटा, डाव्या बाजूला तू काजळी जाड लावली, म्हणून खोटा डाग आला आणि तू जास्त खरवडलं. काजळी इतकी पातळ पाहिजे की बोटाचे ठसे दिसले पाहिजेत. आठवा कर.

मिनेसोटाकर, बरं झालं मोजलं.

उमरेडरोड, मेच्या शेवटी एकदा आणि पोळ्याला एकदा, असे वर्षातून दोनदा दोन्ही स्क्रू बघत जा. आवळायचे नाहीत, फक्त हलतात का ते बघायचं. स्क्रूची खाच आत्ता कोणत्या दिशेला आहे ते आबाजींच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर काढून ठेव, तारीख टाकून.